कॅज्युअल्टीत आवाज चढला की काय करायचं

रुग्णालयातल्या मारहाणीआधी बरंच काही घडून गेलेलं असतं. कोणीतरी तासभर बाकावर बसलेलं असतं, तीन वेळा काउंटरवर येऊन तोच प्रश्न विचारलेला असतो आणि तीन जणांनी तीन वेगळी उत्तरं दिलेली असतात. हात त्यानंतर उचलला जातो. या आधीच्या तासात काय करायचं, हात उचलला जाण्याआधीच्या पाच मिनिटांत काय करायचं आणि तरीही प्रकरण हाताबाहेर गेलं तर काय, हे इथे क्रमाने दिलं आहे. रिसेप्शनवरची ताई, सिस्टर, ब्रदर, वॉर्डबॉय, सिक्युरिटीचे मामा, निवासी डॉक्टर, या सगळ्यांसाठी आहे.

मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला बेदम मारहाण झाली आणि राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. त्यानंतर सरकारी रुग्णालयांत सुरक्षारक्षक वाढवायचं आणि एका रुग्णामागे दोनच नातेवाइकांना पास द्यायचं ठरलं. हे उपाय गरजेचेच आहेत. पण रक्षक पोचेपर्यंतचा वेळ समोर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यालाच निभावावा लागतो, आणि त्याचं शिक्षण आपल्याकडे फारच थोड्या ठिकाणी दिलं जातं.

समोर कोण आहे, हे आधी ओळखा

संतापलेला प्रत्येक माणूस सारखा नसतो. निदान तीन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याच्या बाबतीत उलटतो.

पहिला, भेदरलेला नातेवाईक. आवाज फुटलेला, वाक्यं अर्धवट, नजर सारखी आतल्या दाराकडे, मध्येच रडू. रुग्णालयात ओरडणारे बहुतेक लोक याच प्रकारातले. त्याला दोन गोष्टी हव्या असतात: आत काय चाललंय ते, आणि ते सांगणारं एक ठरलेलं माणूस.

दुसरा, आजारामुळे बेभान झालेला रुग्ण. त्याला स्वतः कुठे आहोत, आज वार कोणता, हे नीट सांगता येत नाही. सलाईन उपसतो, चादर खेचतो, हवेत काहीतरी पकडायला जातो. याच्याशी बोलायचं ते धीर द्यायला. आराम पडतो तो कारण सापडल्यावर.

तिसरा, हिशेबाने चढणारा. लोक बघत असले की याचा आवाज वाढतो, केबिनमध्ये नेलं की एकदम खाली येतो. मागणी आधीच ठरलेली असते: बिल माफ करा, सर्टिफिकेटवरची तारीख बदला, एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करू नका. याच्यासमोर जास्त हळवं बोललात तर तो ती कमजोरी समजतो. उत्तर छोटं द्या, सगळ्यांनी तेच द्या, साक्षीदारासमोर द्या आणि शक्य तर लेखी द्या.

भरती रुग्णांसाठी नॉर्वेतल्या ब्रोसेट इथे तयार झालेली एक सोपी तपासयादी जगभर वापरली जाते. दर शिफ्टला सहा गोष्टी बघायच्या: गोंधळलेपणा, चिडचिड, दंगा-आरडाओरड, तोंडी धमकी, हावभावातून मारण्याची धमकी, वस्तूंवर हल्ला. प्रत्येक दिसणाऱ्या गोष्टीला एक गुण. रुग्णाचा नेहमीचाच स्वभाव तसा असेल, तर नेहमीपेक्षा वाढ झाली तरच गुण द्यायचा. शून्य म्हणजे धोका कमी. एक किंवा दोन म्हणजे मध्यम, त्याच वेळी काळजी घ्यायला लागा. तीन किंवा जास्त म्हणजे पुढच्या चोवीस तासांत हल्ल्याचा धोका मोठा. डॉक्टरांना कळवा आणि त्या खाटेजवळ एकट्या सिस्टरला पाठवू नका. केसपेपरवर हे लिहायला एक मिनिटही लागत नाही.

नातेवाइकांची लक्षणं साधी असतात. एकाच जागी येरझाऱ्या, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, बोट रोखून बोलणं, आवळलेला जबडा, मुठी, बाह्या सरसावणं, घड्याळ काढून खिशात ठेवणं. मोठ्याने ओरडणारा माणूस अचानक गप्प होऊन टक लावून बघायला लागला, तर तो शांत झाला असं मानू नका. तेव्हा एक पाऊल मागे घ्या.

रुग्ण बेभान असेल तर आधी तपासणी

इथली चूक सगळ्यांत महागात पडते. वास आला म्हणून ‘दारू प्यायलाय, झोपू दे’ असं ठरवलं जातं, आणि मेंदूतला रक्तस्राव सकाळी लक्षात येतो. प्यायलेला माणूस पडतोही. त्याच्या डोक्यावरून हात फिरवून जखम, सूज बघा, डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का बघा, आणि तो दर तासाला जास्त सुस्त होत असेल तर लगेच कळवा.

कोणताही रुग्ण एकाएकी आक्रमक झाला, की सगळ्यांत आधी ग्लुकोमीटर. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, चिडचिड आणि नंतर असंबद्ध वागणं दिसतं; इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांत विशेष. मग ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब, ताप. मग पोटावर हात ठेवून लघवी तुंबली आहे का ते बघा. कॅथेटरला पीळ पडलेला म्हातारा माणूस रात्रभर शिव्या देतो आणि नळी सरळ केल्यावर दहा मिनिटांत झोपतो.

वयस्कर रुग्णांत लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, बद्धकोष्ठ, न सांगता आलेलं दुखणं, नव्याने सुरू केलेली झोपेची गोळी, ही नेहमीची कारणं. दिवसा बरे असतात, अंधार पडला की बिघडतात. त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन नातेवाईक ‘हरवेल’ म्हणून घरी घेऊन गेलेले असतात. ते परत मागवा. रात्री एक दिवा चालू ठेवा आणि ओळखीचं एक माणूस उशाशी बसवा.

हाड मोडून किंवा ऑपरेशनसाठी भरती झालेला रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बिथरला, तर दारू सुटल्याचा परिणाम आहे का ते विचारा. शेवटचा घोट घेतल्यापासून सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांच्या सुमारास भास, ताप आणि बेफाम वागणं सुरू होतं. हे जीवघेणं असतं. म्हणून भरतीच्या वेळीच, बायको-मुलांसमोर न विचारता, रोज किती घेता आणि शेवटची कधी घेतली हे नोंदवा. त्या दोन प्रश्नांनी वॉर्डातली पुढची धुमश्चक्री बऱ्याचदा टळते.

ग्रामीण रुग्णालयात आणखी एक कारण कायम ध्यानात ठेवायचं. कीटकनाशक प्यालेल्या रुग्णाला ॲट्रोपिन हे विषावरच्या उताऱ्याचं औषध चालू असतं. ते जास्त झालं की त्वचा कोरडी व गरम, बाहुल्या मोठ्या, नाडी जलद, लघवी तुंबलेली आणि रुग्ण खाटेवरून उठून पळायला बघतो. नातेवाइकांना वाटतं अंगात विष भिनलं. छाती साफ असताना हे दिसलं तर बांधून ठेवण्याआधी डॉक्टरांना बोलवा. डोस थांबवायचा की कमी करायचा ते ठरवतील.

कुठे उभं राहायचं

समोरच्यापासून दोन हातांचं अंतर ठेवा. त्याचा हात लांब झाला तरी पोचणार नाही आणि त्यालाही कोंडल्यासारखं वाटणार नाही. नाकासमोर नाक आणू नका, किंचित तिरपे उभे राहा. हात कमरेच्या वर, उघडे, दिसतील असे. हाताची घडी, कमरेवर हात, खिशात हात, तिन्ही टाळा. तो उभा असेल तर तुम्ही खुर्चीत बसून राहू नका. दोघांनी बसणं सगळ्यांत चांगलं: ‘काका, बसून बोलू या’ म्हणा, आणि तो बसायला लागल्यावरच तुम्ही बसा.

दार कोणाच्या पाठीमागे आहे हे बघा. तुम्हाला बाहेर पडता आलं पाहिजे आणि त्याचीही वाट अडता कामा नये. सिक्युरिटीचे मामा दारात छाती काढून उभे राहिले, तर आतला माणूस कोंडला गेल्यासारखा वागतो. मामांना दारापासून बाजूला, नजरेच्या टप्प्यात उभं करा.

ड्यूटीवर येतानाच गळ्यातला स्टेथोस्कोप खिशात घाला. ओळखपत्राची दोरी ओढली की सुटणारी असावी. साधी सुतळी गळ्याला फास बसवते. ओढणी पिनने बसवा. काउंटरवर काचेचा पेपरवेट, कात्री, पंचिंग मशीन, स्टीलची बाटली ठेवू नका. टेबलावरची सुटी काच काढून टाका. सलाईनचे रिकामे स्टँड आणि छोटे ऑक्सिजन सिलिंडर प्रतीक्षा कक्षात पडलेले असतात. ते आत न्या. सुट्या प्लास्टिकच्या खुर्च्या फेकता येतात, बोल्टने जोडलेल्या नाही येत.

बोलायचं काय, आणि काय नाही

एकाच माणसाने बोलायचं. हा नियम मोडला की बाकीचं सगळं वाया जातं. डॉक्टर समजावत असतात, सिस्टर मागून ‘आम्ही पण माणसंच आहोत’ म्हणते, वॉर्डबॉय ‘आवाज खाली’ म्हणतो, आणि समोरचा तिघांशी एकदम भांडायला लागतो. बोलणारं कोण ते डोळ्यांनी ठरवा, बाकीच्यांनी बघ्यांना हलवायचं.

रागात शरीर ताणलेलं असतं, नाडी-श्वास वाढलेले असतात आणि लांब वाक्य डोक्यात शिरत नाही. म्हणून सात-आठ शब्दांचं वाक्य. मग थांबा. तेच वाक्य पुन्हा, त्याच शब्दांत. आवाज त्याच्यापेक्षा एक पट्टी खाली, पण बर्फासारखा थंड नको. अगदी कोरड्या आवाजाने माणूस जास्त भडकतो.

सुरुवात नावाने आणि कामाने: ‘दादा, मी इथली सिस्टर. तुमच्या वडिलांचा पेपर माझ्याकडे आहे.’ मग त्याला एकदा पूर्ण बोलू द्या. मध्ये दुरुस्ती करायची नाही, जरी तो ‘चार तास झाले’ म्हणत असला आणि घड्याळात दोनच झाले असले. बोलून झालं की त्यातलं जे खरं आहे ते कबूल करा: ‘खूप वेळ थांबावं लागलं, हे खरं आहे.’ खरं काहीच नसेल तर तत्त्व मान्य करा: ‘पेशंटला वेळेवर बघायलाच हवं.’ तेही नसेल तर एवढंच: ‘बाप आत असताना कोणालाही हेच वाटेल.’ खोटं मात्र मान्य करायचं नाही. ‘डॉक्टरांची चूकच झाली’ असं घाबरून म्हटलेलं वाक्य उद्या तुमच्याच विरोधात पोलीस ठाण्यात येतं.

यानंतर मर्यादा, आणि लगेच दोन पर्याय. ‘तुम्ही रागाने बोललात तरी मी ऐकते. पण टेबल आपटलं तर मला उठावं लागेल. इथे बसून बोलायचं, की बाहेर पाणी पिऊन पाच मिनिटांनी?’ दोन्ही पर्याय खरोखर देता येण्यासारखे हवेत. धमकी म्हणून ‘पोलिसांना बोलवू का?’ असं विचारू नका. बोलवायचे असतील तर न विचारता बोलवा.

‘शांत व्हा’, ‘तुम्हाला त्यातलं काय कळतं’, ‘हे माझं काम नाही’, ‘एकटा तुमचाच पेशंट आहे का’, ‘आधी डिपॉझिट भरा’ ही वाक्यं कॅज्युअल्टीतून हद्दपार करा. अरे-तुरे तर नाहीच, समोरचा वीस वर्षांचा असला तरी. तो शिव्या देत असेल तर शिवीला उत्तर न देता शिवीमागच्या मागणीला द्या.

नीट जमलं तर बहुतेक प्रसंग पाच-दहा मिनिटांत उतरतात. पण आवाज उतरला म्हणजे शरीर उतरलं, असं नाही. त्याला वीस मिनिटांपासून तास-दीड तास लागू शकतो, आणि तेवढ्या वेळात बारीकसारीक गोष्टीने पुन्हा भडका उडतो. नेमक्या याच वेळी कोणीतरी संमतीपत्रावर सही मागायला किंवा बिलाचा कागद घेऊन येतं. ते अर्धा तास थांबवा.

आधीचा तास: माहिती

कॅज्युअल्टीत रुग्ण आल्यावर दहा मिनिटांत, मग दर अर्ध्या तासाला नातेवाइकांना कोणीतरी भेटलंच पाहिजे. नवीन काही नसेल तर ‘रिपोर्ट यायचाय, अजून चाळीस मिनिटं लागतील’ हेही सांगणं आहे. वेळ सांगताना जास्तीची सांगा.

नातेवाइकांतून एक माणूस निवडा, सुरुवातीपासून हजर असलेला, जवळच्या नात्यातला. त्याचं नाव आणि मोबाइल पेपरवर लिहा आणि प्रत्येक बातमी त्यालाच द्या. सर्वांत जास्त आवाज बहुतेक वेळा उशिरा पोचलेल्याचा असतो: पुण्या-मुंबईहून रात्री धावत आलेला भाऊ, गल्लीतले दादा, कोणाचे तरी पीए. त्यांना आधीचं काहीच माहीत नसतं, आणि उशीर झाल्याचा सल आतून टोचत असतो. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी त्या निवडलेल्या माणसाला बरोबर घ्या आणि आल्यापासून काय काय झालं ते वेळेसकट पुन्हा एकदा सांगा.

पैशाची चर्चा वेगळ्या टेबलावर, वेगळ्या माणसाने करायची. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. ती खरंच वाचता येईल अशी लावा. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवणं रुग्णहक्कांत बसत नाही, आणि मोडतोड ओढवून घेण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

मृत्यूची बातमी

मृत्यूची बातमी टप्प्याटप्प्याने पोचली पाहिजे. प्रकृती ढासळायला लागताच एकदा बोलवून सांगा, सीपीआर (छाती दाबून हृदय चालू करायचे प्रयत्न) सुरू झाल्यावर पुन्हा. नातेवाइकांपैकी एकाला दारातून प्रयत्न चालू असलेले दिसू द्या. मृत्यूनंतर वातावरण तापलंय म्हणून ‘उपचार चालू आहेत’ असं सांगत राहणं ही घातक चूक आहे. मॉनिटरची सरळ रेषा कोणीतरी पाहिलेली असतेच.

बातमी सर्वांत वरिष्ठ हजर डॉक्टरांनी द्यावी, सोबत एक सिस्टर. कॉरिडॉरमध्ये नाही, खोलीत, दोन किंवा तीन नातेवाइकांना बसवून. खोलीला दोन दारं असतील तर उत्तम. आधी इशारा: ‘बातमी वाईट आहे.’ मग स्पष्ट: ‘दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांचा मृत्यू झाला.’ मग गप्प बसा. कारणं आणि पोस्टमॉर्टेमचा विषय ते विचारतील तेव्हा किंवा थोड्या वेळाने. रडणं, छाती बडवणं, भिंतीवर डोकं आपटणं हे दुःख आहे. डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी धरा, हात पिरगाळू नका. दर्शन लगेच घेऊ द्या. नळ्या काढून, तोंड पुसून, चादर नीट करून.

बातमी देण्याआधी बाहेर किती माणसं जमली आहेत ते बघा. वीसहून जास्त असतील, तर आधी पोलीस चौकीला कळवा आणि मग खोलीत जा.

हात उचलला गेला तर

बोलणं थांबवा आणि बाहेर पडा. कॉम्प्युटर, फ्रीज, काच, सगळं नंतर येतं. ठरलेला सांकेतिक शब्द पुकारा किंवा टेबलाखालचं बटण दाबा, ११२ ला फोन करा. हातात शस्त्र असेल तर ते मागू नका, ‘खाली ठेवा’ म्हणा आणि मागे सरका. इतर रुग्ण असलेल्या खोलीचं दार आतून लावून घेणं हे एका माणसाचं आधीच नेमून दिलेलं काम असावं.

रुग्णालाच धरावं लागलं तर पाच जण: चार हातापायांना, एक डोक्याशी आणि तोच रुग्णाशी बोलणारा. पालथं घालायचं नाही, छातीवर किंवा मानेवर गुडघा अजिबात नाही. श्वास कोंडून माणूस दगावतो. बांधलंच तर दर पंधरा मिनिटांनी श्वास, बोटांचा रंग आणि पट्टीखाली बोट जातंय का ते बघा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम ९७ स्पष्ट आहे: मानसिक आजाराच्या रुग्णाला बांधायचं ते तत्काळ इजा टाळायला दुसरा मार्ग उरला नसेल तरच, प्रभारी मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि नोंद करून. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून बांधता येत नाही, आणि एकट्याला कोंडून ठेवायला पूर्ण मनाई आहे. इंजेक्शन दिल्यावर ‘झोपला एकदाचा’ म्हणून सगळे निघून जातात. खरी नजर तेव्हाच ठेवायची असते, श्वासावर आणि ऑक्सिजनवर.

त्यानंतरची नोंद

महाराष्ट्राचा वैद्यकीय सेवा व्यक्तींवरील हिंसाचार प्रतिबंधक कायदा २०१० पासून लागू आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड पन्नास हजारांपर्यंत, शिवाय मोडतोड झालेल्या यंत्रांच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. तक्रार मार खाल्लेल्या सिस्टरने एकटीने न देता संस्थेने द्यावी. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने आपल्या रुग्णालयांच्या प्रमुखांना सहा तासांच्या आत संस्थेतर्फे एफआयआर नोंदवायला सांगितलं, तोच शिरस्ता खासगीतही पाळावा. तक्रारी टिकत नाहीत त्या ढिसाळ नोंदींमुळे. ‘नातेवाइकांनी गोंधळ घातला’ असं मोघम न लिहिता वेळ, नेमके शब्द, कोणी कशाने कुठे मारलं, साक्षीदार कोण, हे लिहा. जखमी कर्मचाऱ्याची एमएलसी करा. आवराआवरीआधी फोटो घ्या. सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी कॉपी करा, कारण नंतरच्या चित्रणाखाली ते पुसलं जातं.

मार किंवा शिव्या खाल्लेल्याला तासभर तरी कामावरून काढा, पण एकटं सोडू नका. ‘तू काय बोललीस त्याला?’ हा पहिला प्रश्न नसावा. काय घडलं याची उजळणी त्याच शिफ्टमध्ये, दहा मिनिटांची, दोष न लावता: पहिली खूण कधी दिसली, कोणी पाहिली, कुठे थांबता आलं असतं. पुढचे काही आठवडे झोप लागत नसेल, दार वाजलं की दचकायला होत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत चोवीस तास बोलता येतं, फोन मोफत आहे.

शिफ्ट बदलताना औषधांच्या जोडीने हेही तोंडी सांगा आणि रजिस्टरमध्ये लिहा: कोणत्या खाटेचे नातेवाईक अस्वस्थ आहेत, कोणती बातमी त्यांना अजून दिलेली नाही, ती कोण देणार आणि किती वाजता, रात्री कोण नवीन पोचणार आहे, आणि कोणाचा मोबाइल नंबर पेपरवर लिहिला आहे.